बावीस परळांचा चोर

१

चिंचखेडच्या शाळेत बुधवारी सकाळी चोरी उघडकीला आली, आणि चोरी तरी कशाची? गव्हाच्या रोपांची! तीही पिवळ्या, मरतुकड्या, वीतभर रोपांची. गाईपुढे टाकली असती तर गाईनंही तोंड फिरवलं असतं. पण त्या रोपांपायी चौथीची बावीस पोरं शाळेच्या व्हरांड्यात गळा काढून रडत होती, आणि डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन बाजाराला निघालेली पार्बताबाई तो गलका ऐकून रस्त्यातच थबकली.

पार्बताबाई म्हणजे गावची माळीण. पाटलाच्या विहिरीलगत अर्धा एकर मळा, त्यात भाजी आणि थोडी फुलं. नवरा नत्थुजी मोट हाकायचा आणि ही गावभर माल विकायची. तिच्या नजरेतून कालचं फूल आजचं म्हणून सुटायचं नाही आणि मनात खोट असलेला माणूसही सुटायचा नाही. कोणाची कोंबडी हरवो की कोणाचं लुगडं, बाया आधी तिच्याकडे यायच्या, मग मारुतीला नारळ बोलायच्या.

तिची लेक जमुना धावतच आली. "माय, आपले परळ रिकामे झाले वं! एकातई रोप नाई!"

"रडू नको. नाक पूस, अन् मंग सांग."

जमुनेला कुठलं सांगता येतंय! सांगितलं ते देवीदास गुरुजींनी. पंचवीस वर्षांचा पोरगेलासा मास्तर, अमरावतीहून मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास होऊन आलेला. आल्या दिवसापासून यानं पोरांना पाटीवरून उठवून मातीत बसवलं. मुंग्या साखर आधी खातात की पीठ ते मोजायला लावलं, डबक्यातले बेडकाचे डोळे दाखवले. आणि आता हा गव्हाचा प्रयोग. प्रत्येक पोरानं दोन परळांत, म्हणजे मातीच्या उथळ ताटल्यांत, सारखे गहू पेरायचे. एक परळ घरच्या अंगणात, उन्हात. दुसरा शाळेच्या सामानाच्या खोलीत, काळोखात. खोलीला खिडकी नाही. भिंतीत रुपयाएवढं एक भोक, तेवढाच काय तो उजेड. दहा दिवसांत अंगणातला गहू हिरवागार झाला आणि खोलीतला पिवळा धम्मक, आणि सगळा त्या भोकाकडे मान वाकवून उभा!

"उद्या डिप्टी साहेब शाळा तपासायला येतायत," गुरुजी म्हणाले. "त्यांनी लिहिलंय, पोरांनी स्वतःच्या हातानं केलेलं काम दिसलं तर पाचवीच्या वर्गाची शिफारस करीन. आता नुसता हिरवा गहू काय दाखवू? तो तर सगळ्या जगात असतो."

पाचवीचा वर्ग म्हणजे पार्बताबाईसाठी जमुनेची शाळा. वरूड सात मैल. तिथे पोरगे जात, पोरगी कोण धाडतो? गावात पाचवी आली तर जमुना शिकणार, नाही तर येत्या उन्हाळ्यात पाटी सुटणार आणि खुरपं हातात येणार. इतकं सरळ होतं ते.

"कुलूप कोनं तोडलं?" तिनं विचारलं.

"तीच तर गंमत आहे," गुरुजी म्हणाले. "मी राखीला अमरावतीला बहिणीकडे गेलो होतो. आज पहाटे आलो, माझ्या हातानं उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं."

२

"म्या म्हनलंच होतं," व्हरांड्यातून शालिकराम मास्तर म्हणाले. हे पहिली-दुसरीचे मास्तर. वय पंचावन्न, छडी हातात आणि तक्रार ओठात. "शायेत वावर केलं की शायेत ढोरं घुसतेतच. बकरी घुसली असन."

"बकरी कुलूप लावून गेली का, मास्तर?" पार्बताबाईनं विचारलं. पोरं रडता रडता हसली. मास्तरांनी छडी आपटली.

तिनं पाटी उतरवली आणि खोलीत गेली. डोळे काळोखाला सरावू दिले. कोपऱ्यात परळांच्या चार चवडी होत्या. तिनं वरचा परळ उचलायला हात घातला तर खालचाही त्याच्यासोबत वर आला. ओले असताना एकात एक घातलेले, चिकटून बसलेले. सगळे स्वच्छ धुतलेले. खडूनं लिहिलेली पोरांची नावंसुद्धा धुऊन निघालेली. जमिनीवर थोडी वाळू, आणि दोन परळांच्या मध्ये अडकलेली वाळक्या गवताची एक काडी.

"गुरुजी, हे वाळू कायची?"

"नाल्याची. पोरांनी सात पाण्यांनी धुतली. काळ्या मातीत, शेणखतात पेरलं असतं तर कोणी म्हणालं असतं, खतानं झालं. म्हणून निव्वळ वाळू."

पार्बताबाईनं मान डोलावली. गुरुजी पोरगा असला तरी डोक्यानं पक्का होता. मग तिनं बाहेर येऊन झाडलोट करणाऱ्या माणिकबाईला हाक मारली. ती बिचारी आधीच पदर तोंडाशी धरून उभी. गरिबाला वाटतं, चोरी झाली की पहिलं नाव आपलंच.

"मी नाई वं माय! काल मंगयवार, शायेले सुट्टी. मी दिवसभर नदीवर होती, भुजल्यात. तूई होती ना तठी!"

होती तर! राखीच्या दुसऱ्या दिवशी इकडच्या गावांत भुजल्या असतात. नागपंचमीला बाया टोपलीत काळी माती आणि खत घालून गहू पेरतात, घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून वाढवतात, आणि पौर्णिमेनंतर गाणी म्हणत नदीवर नेऊन शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. थोडी रोपं घरी आणून थोरामोठ्यांच्या हातात द्यायची, पाया पडायचं. पाटलाचं घर सोडलं तर चिंचखेडात घरोघर भुजल्या. काल दुपारी गावात चिटपाखरू नव्हतं.

"तू जाय माय, तुह्यावर कोनाचा वहीम नाई," पार्बताबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. अंधारी खोली. पिवळा गहू. रोपं गेली पण भांडी धुऊन परत आली!

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "हे चोरी नाई. कोनंतरी तुमच्या परोगाच्या भुजल्या समजून शिरवल्या."

गुरुजी आ वासून बघतच राहिले. "म्हणजे कोणी बाई?"

"तेच तर कोडं हाय. बाईमानूस ओलं भांडं एकात एक घालत नाई. पालथं घालते, निथळू देते. हे काम मानसाचं. अन् चिंचखेडात आजलोक कोन्या मानसानं भुजल्याले हात लावला नाई."

३

आता हिशेब सोपा होता, म्हणजे पार्बताबाईला सोपा. माणूस असा पाहिजे ज्याच्याकडे किल्ली आहे. किल्ल्या दोनच. एक गुरुजींची आणि एक शाळा कमिटीचे अध्यक्ष उत्तमराव पाटील यांची. पण गुरुजींनी अमरावतीला जाताना आपली किल्ली शालिकराम मास्तरांच्या हवाली केली होती.

आणि ती गवताची काडी! तसलं मऊ, कापलेलं गवत घरात कोण ठेवतो? संत्रावाला. डालक्यात संत्री भरताना खाली-वर तेच अंथरतात. चिंचखेडात संत्र्याचे बगीचे दोनच. एक उत्तमराव पाटलाचा. दुसरा शालिकराम मास्तराच्या भावाचा, आणि दोघे भाऊ एकाच घरात राहणारे.

पाटलाचं नाव मनात आलं तसं तिनं झटकून टाकलं. सहा फुटी माणूस, पांढरा फेटा, बोलला की बैल कान टवकारतील. "पोरं शायेत शिकाले धाडतो का माती उकराले?" हे त्यांचं एकच वाक्य गुरुजींनी वर्षभर ऐकलं होतं. "पोरी चौथी शिकल्या, लय झालं," हे दुसरं. प्रयोगाची परवानगी मागायला गुरुजी गेले तर पाटलानं कागद न वाचता सही ठोकली आणि हात हलवून वाटेला लावलं. असला माणूस बायकांचं काम करील? छे!

राहिले मास्तर. त्यांना प्रयोगाचा राग तर होताच. भुजल्या समजून नाही, तर भुजल्यांचं निमित्त करून रोपं उपटली असतील, असं तिच्या मनानं घेतलं. दुपारी ती वांगी घेऊन त्यांच्या दारी गेली.

"मास्तर, कवळे वांगे हायेत."

"ठेव अर्धा शेर," मास्तर आतून म्हणाले. "अन् दरवाजा लावून घे, उजेड येते."

उजेड येतो म्हणून दरवाजा लावा? भर दुपारी? पार्बताबाईचे कान उभे राहिले. दार लोटताना तिनं पाहिलं, दाराआड फळीवर घासलेटचा रिकामा डबा, त्यावर गोणपाट. डब्याच्या एका बाजूला खिळ्यानं पाडलेलं भोक.

"मास्तर, या डब्यात काय?"

"हात लावू नको! हात लावू नको म्हनतो ना!"

पण माळणीचा हात तो. गोणपाट वर गेलं. आत पिवळी, मान वाकवून भोकाकडे बघणारी गव्हाची रोपं होती.

४

मास्तर मटकन खाली बसले. पार्बताबाईला वाटलं आता ओरडतील, पण त्यांचा चेहरा चिंचा चोरताना सापडलेल्या पोरासारखा झाला होता.

"कोनाले सांगू नको, पार्बते," ते म्हणाले. "इज्जत जाईन माही."

"पोरायचं धन पयवलं अन् इज्जत म्हनता?"

"कोनाचं पयवलं? हे माहं हाय! म्या पेरलं!" मास्तरांचे डोळे भरून आले. "तीस साल झाले. पोरायकडून घोकून घेतो, झाडाले उजेड पाहिजे, झाडाले उजेड पाहिजे. छडी मारून घोकून घेतलं. पन म्या सोता कदी पाह्यलं नव्हतं. तो कालचा पोरगा येते अन् पोरायले डोयानं दाखवते. मले वाटलं, खोटं असन. म्हनून घरी करून पाह्यलं." त्यांनी डबा मांडीवर घेतला. "खरं निघालं ना बाप्पा. मान वाकवते पाय! जसं कोनी हाक मारली."

पार्बताबाईनं डब्यात बोट घातलं. काळीभोर माती, वर शेणखताचा वास. वाळूचा एक कणही नाही. शाळेतली रोपं वाळूतली. मास्तर खरं बोलत होते.

"अन् गुरुजीची किल्ली?"

"ते माह्या जानव्याले बांधून होती, आज सकाळलोक. देवाशपथ."

मास्तर स्वतःच्या डब्यासाठी एवढे जिवाचा आटापिटा करत होते, ते पोरांचे परळ रिकामे करतील हे तिला पटेना. ती उठली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. "मास्तर, तुमी लय चांगले हा," ती म्हणाली. "फकस्त पोरायले हे कदी दिसू देलं नाई तुमी."

वाटेत तिनं पुन्हा हिशेब मांडला. दोन किल्ल्यांतली एक वजा झाली. दोन बगीच्यांतला एक वजा झाला. उरला तो एकच माणूस, आणि त्याला विचारायची गावात कोणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी पाटलाच्या घरी दत्ताला झेंडूचा हार जायचा, आणि तो पार्बताबाईच नेऊन द्यायची. ती सकाळीच निघाली. पाटलीणबाई राखीला माहेरी गेलेल्या, अजून आल्या नव्हत्या. घर सुनं होतं. ओसरीवर पाटील एकटेच, समोर न्याहारीची थाळी तशीच.

"देवघरात तूच ठेवून दे हार," ते न बघता म्हणाले.

देवघरात समईचा तेवढा उजेड. हार घालून ती मागे वळली आणि तिची नजर बाजूच्या कोनाड्यावर गेली. कोनाड्यात लहान पोरीचे चांदीचे वाळे होते, आणि त्यांच्याजवळ पाण्याच्या वाटीत पाच पिवळी रोपं. पाचही एका अंगाला वाकलेली. मुळ्यांना चिकटलेली पांढरी, धुतलेली वाळू.

५

कोणी दुसरी असती तर हळूच निघून गेली असती. पार्बताबाईनंही क्षणभर तेच मनात आणलं. पाटलाच्या विहिरीवरून तिच्या मळ्याला पाणी यायचं, वैर परवडणारं नव्हतं. पण डोळ्यांपुढे जमुनेची पाटी आली, आणि ती वाटी उचलून ओसरीवर आली.

"पाटील, रागावू नका. या रोपायच्या मुयाले वाळू कावून हाय?"

पाटलांनी मान वर केली. "माह्या घरच्या भुजल्या हायेत."

"तुमच्या घरी चौदा साल झाले, भुजल्या पेरल्या नाई. माह्यासारखीले मालूम नाई का?"

गोठ्यात वासरू हंबरलं. मग एवढा डोंगरासारखा माणूस फेट्याच्या शेवानं डोळे पुसू लागला.

"कोनाले नाई सांगितलं पार्बते. घरवालीलेई नाई," ते म्हणाले. "डिप्टीले बसाले खुर्ची पाहिजे म्हनून मंगयवारी शायेत गेलो. ते खोली उघडली, अन् आंगाले काटाच आला. अंधारात बावीस परळ, पिवये धम्मक. एकेकावर पोराचं नाव. सारं गाव नदीवर, अन् या लेकरायच्या भुजल्या कुलपात! मले वाटलं, त्या गुरुजीनं पेरून घेतल्या अन् विसरून अमरावतीले गेला."

"तुमी कागदावर सही केली होती ना, पाटील? त्यात सारं लिवलं होतं."

"वाचते कोन!" पाटील म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "माही सुभद्रा. त्या साली नदीले पूर होता. ते रडत होती, बाबा, माह्या भुजल्या. म्याच म्हनलं, राहू दे, पान्यात नाई जाचं. भुजल्या घरातच वायल्या, अन् आठव्या दिवशी तापानं पोरगी गेली. लोक म्हनतेत, भुजल्यानं काई होत नाई. असन. पन बावीस नावं वाचली ना, तवा माह्यानं दार लावून वापस येववलं नाई."

ज्या माणसाला गाव पोरांचा वैरी म्हणत होतं, तो माणूस भर दुपारी पोरांच्या जिवासाठी डालकं डोक्यावर घेऊन चोरासारखा फिरला होता! "मंग सांगाचं ना, बापा," पार्बताबाई म्हणाली.

"काय सांगू? पाटलानं संत्र्याचं डालकं डोक्यावर घेतलं अन् बायायच्या भुजल्या शिरवल्या म्हनून? तीन खेपा केल्या. बायायच्या घाटावर नाई, बगीच्याखाली वयनावर. परळ धुवून आनले. काल पोरं रडले समजलं, तवापासून घास उतरला नाई."

पार्बताबाईनं एकदम विचारलं, "पाटील, शिरवताना माती झटकली का?"

"झटकतेत का?"

"रोपं धुवाचे असतेत! माती वाहून द्याची, रोपं हातात घ्याची."

"मले काय मालूम? गड्डेच्या गड्डे काढले अन् काठाले उथय पान्यात ठेवले. ही पाच मात्र उपटून आनली, सुभद्रेसाठी."

पार्बताबाई हसायलाच लागली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "मंग पाटील, तुमाले भुजल्या शिरवताच नाई आल्या! चला, उठा. पाहू काय वाचलं ते."

६

डिप्टी साहेबांची बैलांची दमणी अकराला आली. साहेब किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं. गुरुजी शाळेत नाहीत, पोरं शाळेत नाहीत, सगळी नदीवर आहेत म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चिखल तुडवत ते बगीच्याखालच्या वळणावर आले, आणि थांबले.

वाळूच्या काठावर गव्हाचे सतरा गोल हिरवे तुकडे होते. परळाच्या मापाचे, एकाला एक लागून. पाच वाहून गेले होते, बाकीच्यांनी काठाच्या ओल्या वाळूत मुळ्या धरल्या होत्या. दोन दिवस श्रावणाचं ऊन अंगावर पडलं आणि पिवळ्याचं पोपटी झालं होतं. खाली बुडाशी अजून पिवळी झाक, वर शेंडे हिरवे आणि सरळ.

देवीदास गुरुजींनी सगळं सांगितलं, फक्त रोपं इथे कोणी आणली ते सोडून. पार्बताबाईनं त्यांना तेवढंच सांगितलं नव्हतं. सांगायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं होतं.

"छान आहे," साहेब म्हणाले. "पण गुरुजी, मला तर नदीकाठी हिरवा गहू दिसतोय. हा अंधारात होता, पिवळा होता, हे कशावरून? इथे कोणी आणला? कधी आणला?"

शालिकराम मास्तर पुढे झाले आणि लाज गिळून त्यांनी कापडाखालचा डबा दाखवला. "साहेब, अंधारात असा होते पाहा."

"हा तुमचा डबा, मास्तर. उत्तमच आहे. पण मला पोरांचं काम पाहायचं आहे." साहेबांनी वही मिटली. "पुराव्याशिवाय मी शिफारस कशी लिहू?"

जमुनेनं आईचा पदर घट्ट धरला. पार्बताबाईनं पाटलांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते मागणं झालं असतं, आणि हे मागून मिळणारं नव्हतं. घाटावरून बाया जमल्या होत्या, गडीमाणसं जमली होती, सगळं गाव तिथे होतं.

"म्या आनला," मागून आवाज आला.

उत्तमराव पाटील गर्दीतून पुढे आले. हातात ती वाटी. "मंगयवारी दुपारी, बाराच्या सुमाराले. म्या कुलूप उघडलं. भुजल्या समजून नेल्या, डोक्यावर डालकं घेऊन. हसाचं असन तं हासा." कोणी हसलं नाही. त्यांनी वाटी साहेबांपुढे धरली. "हे पाच त्याच परळातले. देवघरात अंधारात होते. पाहून घ्या."

साहेबांनी चष्मा वर केला. पाच रोपं अजून पिवळी, एका अंगाला वाकलेली, मुळ्यांना धुतलेली वाळू. त्यांनी खाली बसून काठावरचा एक हिरवा कोंब उपटला. तेच बी, तीच वाळू. एक हातात पिवळा, एक हातात हिरवा. मग ते जमुनेकडे वळले. "पोरी, काय शिकलीस यातून?"

जमुनेनं आधी पाटलांकडे पाहिलं, मग वाटीकडे.

"साहेब, पिवयं झालं म्हनजे मेलं नव्हतं," ती म्हणाली. "उजेडाची वाट पाहून राह्यलं होतं."

साहेबांनी वही उघडली आणि नदीकाठच्या दगडावर बसूनच लिहायला सुरुवात केली. पार्बताबाईला वाचता येत नव्हतं, पण गुरुजींचा चेहरा वाचता येत होता. साहेबांनी काय लिहिलं ते तिला कोणी सांगावं लागलं नाही. गर्दीत कौशल्या म्हातारी मात्र हळहळली, "बाप्पा, पाटलानं डालकं डोक्यावर घेतलं अन् मी पाह्यलं नाई!" तेव्हा मात्र गाव हसलं, आणि पाटीलही हसले.

पाचवीचा वर्ग पुढल्या सालापासून उघडला, आणि जमुना पहिल्या बाकावर बसली. नागपंचमीला गुरुजींनी नव्या चौथीकडून पुन्हा गहू पेरून घेतला. पोरं अठरा होती. गुरुजींनी परळ मोजले तर एकोणीस. शेवटच्या परळावर मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत खडूनं लिहिलं होतं, सुभद्रा.

गुरुजींनी तो परळही रांगेत ठेवला. पण पंधरवडाभर त्यांना एकच त्रास झाला. रोज सकाळी पाटील शाळेत यायचे, सामानाच्या खोलीशी उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, "उगवलं का? जरा पाहू द्या ना."

"पाटील, दार उघडायचं नाही," गुरुजी म्हणायचे. "प्रयोग बिघडतो."

मग सहा फुटी उत्तमराव फेटा सावरून खाली वाकायचे, आणि भिंतीतल्या त्या रुपयाएवढ्या भोकाला डोळा लावून उभे राहायचे.